उंडीच्या तेलाचा वास

कोल्हापूर,
१२ जून २०२४

तीर्थरूप बाबा,

फोनवर तुम्ही "जेवलंस?" एवढं विचारता आणि मी पुढचं काही बोलायच्या आत फोन आईच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही. त्यावर तुमचं नाव आहे.

काल आमच्या प्रयोगशाळेत विमा कंपनीच्या सर्वेअरकडून एक डबा आला. वर लिहिलं होतं : मालवण, बर्फ कारखाना, एप्रिलमधली गळती. आत दाबाच्या घड्याळाकडे जाणाऱ्या नळीचा नट होता आणि त्यात अडकलेला नळीचा तुकडा. नट उभा फुटलेला. तुमच्या पाळीतल्या सुदेशदादाच्या तोंडावर अमोनिया आला तो या भेगेतून. मी तो नट हातात धरला आणि मला पहिल्यांदा रडू नाही, राग आला.

कारण नट पितळेचा आहे, बाबा. अमोनियाच्या लाइनवर पितळेचा नट.

तुम्ही नेहमी विचारता, तू थंय नेमका काय करतंस. हेच करते. धातू का फुटतो ते शोधते. पितळ चांगलं असतं, गंजत नाही, चकाकतं. पण पितळेचा नट आवळून बसवला की तो आतून ताणलेला राहतो. त्या ताणलेल्या पितळेला ओलसर हवेतून जरासा जरी अमोनिया लागत राहिला तरी आत भेगा चालू लागतात. वरून काही दिसत नाही. एक दिवस नट फुटतो. नुसता ताण असेल तर फुटत नाही. नुसता अमोनिया असेल तर डाग पडतो, फुटत मात्र नाही. दोन्ही एकत्र आले की फुटतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या माणसालाही पहिल्या महिन्यात हे सांगतात : अमोनिया असेल तिथे पितळ नाही.

आणि भाईशेठ इतकी वर्षं बर्फाचा कारखाना चालवतात. त्यांना हे माहीत नाही? की माहीत होतं, पण लोखंडी नट मागवायला कुणाला कुडाळपर्यंत पाठवायचा कंटाळा आला? भंगारातून मिळाला तो पितळेचा नट लावला असणार. त्यांच्या घरात कुणाचा डोळा गेला नाही ना.

मी आज दोन नवे पितळी नट आणले. एक आवळून, एक सैल, दोन्ही अमोनियाच्या वाफेत बंद बरणीत ठेवलेत. काय होणार ते मला माहीत आहे, तरी ठेवलेत. रिपोर्टात माझं मत नको, पुरावा हवा.

तुम्ही तिथे मशीन चालवता. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मला एकच सांगा : तो नट कोणी बसवला? नाव सांगा. बाकीचं मी बघते.

आईला नमस्कार. विराजला म्हणावं, अभ्यास कर.

तुमची,
किशोरी

---

मालवण,
२० जून

चि. किशोरीस बाबांचे आशीर्वाद.

पत्र पावला. हंय सगळी बरी आसत. आईचो गुडघो दुखता, विराज मोबायलात आसता.

तुझ्या कामाचा लिवलंस ता मी दोनदा वाचलंय. समाजला. असा आसता ह्या आमका कोणी कधी सांगूक नाय.

नटाचा म्हणशीत तर कारखान्यात धा माणसांचे हात लागतत. कोणी कधी काय बसयल्यान ता आता कोण सांगतलो. तू लहान आसस, नोकरी नवी आसा. ह्यो रिपोर्ट दुसऱ्या कोणाक करूक दी. भाईशेठांका दुखवू नको. तुझ्या कॉलेजाच्या येळेक रात्रपाळी मागलंय ती तेनी नाय म्हणूक नाय.

सुदेशाचो डावो डोळो उघडलो. उजवो अजून बंद. मी रोज जातंय. बसतंय आणि येतंय.

कारखानो आता बंद. जुलयच्या शेवटाक परत गॅस भरतले. ऑगस्टात होडये दर्यात जातले तेव्हा बर्फ व्हयोच.

जेवणखाण सांभाळ.

बाबा

---

मालवण,
२७ जून

चि. किशोरी हिला सप्रेम.

आपल्या कारखान्याचं काम तुझ्या हाती आलं हे सर्वेअरसाहेबांकडून कळलं आणि मन भरून आलं. माझी स्वतःची मुलगी दीपिका शिकली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. गणपतची मुलगी इंजिनिअर झाली, ही मालवणची शान आहे. मी हे चारचौघांत नेहमी सांगतो.

तुला त्रास द्यायचा नाही, फक्त एक सुचवतो. रिपोर्टात 'नटाच्या धातूत मूळचा दोष होता' एवढं एक वाक्य आलं की विम्याचं काम सरळ होईल. पुरवठादार कोण ते आम्हाला आठवत नाही, त्यामुळे कुणाचं नुकसान नाही. सुदेशच्या औषधपाण्याचंही त्यातून पाहता येईल. तांत्रिक बाबींत खोलात गेलं की माणसांची नावं बाहेर येतात, आणि ती नेहमी आपल्याला हवी तीच येतात असं नाही. तू समंजस आहेस.

विराजची बारावी झाली की ऑफिसात जागा आहे. घरचाच मुलगा.

शुभेच्छुक,
भाई

---

कोल्हापूर,
३ जुलै २०२४

श्री. भाईशेठ यांस,

तुमचं पत्र मिळालं. मी ते आमच्या विभागप्रमुख अपेक्षा मॅडम यांना वाचायला दिलं आणि हे उत्तरही त्यांना दाखवून पाठवत आहे, म्हणजे आपल्या दोघांमध्ये काही खाजगी राहणार नाही.

नटाच्या धातूत दोष नाही. मी तो तपासला. चांगलं पितळ आहे, पाण्याच्या नळाला लावलं असतं तर मी माझ्या घरीही वापरलं असतं. मी बरणीत ठेवलेल्या नव्या नटांपैकी सैल होता तो काळसर झाला आणि शाबूत राहिला. आवळलेला होता तो फुटला, तुमचा फुटला तसाच. दोष धातूचा नाही. तो जिथे नसायला हवा तिथे होता, हा दोष आहे. 'मूळचा दोष' असं मी लिहिलं तर उद्या तुम्ही दुसरा, अधिक चांगला पितळी नट आणून तिथेच लावाल आणि अजून कुणाचा तरी डोळा जाईल.

सुदेशदादाचं औषधपाणी माझ्या एका वाक्यावर अवलंबून ठेवू नका. तो तुमच्या कारखान्यात भाजला. ते तुम्हाला करायचंच आहे, मी काहीही लिहिलं तरी.

माणसांची नावं बाहेर येतात म्हणता. येऊ देत. दर वर्षी देखभाल कंपनीचा इंजिनिअर येऊन लाइन तपासून जातो ना? त्याला पितळ आणि लोखंड यांतला रंगाचा फरक कळत नाही का, हे मला त्याला विचारायचं आहे. त्याचं नाव कळवा.

विराजच्या नोकरीबद्दल. माझ्या भावाला मी माझ्या सहीच्या बदल्यात नोकरी घेऊन दिली, हे त्याला कधी कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. आणि बोललाच तर मी त्याच्याशी बोलणार नाही.

किशोरी गणपत तारी

---

कोल्हापूर,
२४ जुलै २०२४

बाबा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मालवण गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, फोंडाघाट उतरून संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे येईल. सोबत एक पुडी आहे, ती जपून ठेवा. फोन तीनदा केला. तिन्ही वेळा आई म्हणाली, "बाबा भायर गेलेत." मागून तुमचा खोकला ऐकू येत होता.

तुमच्या जूनच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मला तुमची लाज वाटत होती. वाटलं, भाईशेठला घाबरून तुम्ही गप्प बसलात. मी शिकले ते कशासाठी, माझ्याच बापाने मला 'दुखवू नको' सांगावं म्हणून? महिनाभर मी ही चीड घेऊन हिंडले. मेसमधल्या मुलींवर ओरडले. बरणीतल्या नटावरसुद्धा.

काल नट नळीवरून सोडवला. नियमाप्रमाणे आधी बाहेरचे फोटो, मग चाचण्या, सोडवायचं शेवटी. आत आट्यांवर अमोनियाच्या लाइनला लावतात ती पांढरी टेप नव्हती. सुताचा दोरा होता, काळा, चिकट. कडेकडेने उलटा गुंडाळलेला, शेवटी आत खोचलेला. मी तो चिमट्याने उचलला आणि नाकाजवळ नेला.

उंडीचं तेल, होड्यांना चोळतात ते.

अपेक्षा मॅडमनी विचारलं, "काय गं, काय झालं?" मी दोरा काचेच्या डिशमध्ये ठेवला. ते तेल लावून दोरा असा उलटा गुंडाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. आपल्या होडीच्या, 'गौरजा'च्या इंजिनाशी तुम्ही वाकून बसायचात आणि मी तेलाची करवंटी धरून उभी असायची. होडी विकली तेव्हा तिच्या डिझेलच्या नळीचे नट तुम्ही काढून घेतले होते. आई म्हणाली होती, "होडी गेली, आता नट कशाक?" तुम्ही म्हणाला होतात, "पितळ आसा. ऱ्हवांदे."

म्हणजे तुम्ही भाईशेठला घाबरत नव्हता. मला घाबरत होतात.

मी तुम्हाला विचारलं, नट कोणी बसवला. तुम्ही लिहिलंत, धा माणसांचे हात लागतत. बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि तेही अशा कामात ज्याचं तुम्ही बाजारात पेढे वाटून कौतुक केलंत. तुम्ही रोज सुदेशदादाकडे जाऊन बसता आणि उठून येता. त्याला काय वाटत असेल, काकांची माया? तुम्हाला पितळेचं माहीत नव्हतं, हे मला कळतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण जूनमध्ये मी तुम्हाला सांगितलं. तेव्हापासून तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासूनचं गप्प बसणं मी कशात मोजू?

आणि आता माझ्या रागापेक्षा महत्त्वाचं. डिझेलच्या नळीला दोन टोकं असतात. नट दोन होते. माझ्यासमोर एक आहे. दुसरा कुठे आहे?

मला झोप लागली नाही. सकाळी भाईशेठना फोन करून सांगितलं, लाइनवर अजून पितळ असू शकतं, गॅस भरू नका. ते हसले. म्हणाले, "अगो, सगळी लाइन नवी करून चंदेरी रंग मारलाय, आरशासारखी दिसते. तू रिपोर्टाचं बघ." रंगाखाली काय आहे ते रंगाला विचारून कळत नाही. म्हणून पुडीत लोहचुंबक पाठवतेय. तुमच्या लाइनवर सगळं साधं लोखंड असायला हवं. लोखंडाला चुंबक चिकटेल. जिथून तो खाली पडेल, तिथे रंग खरवडून बघा.

उद्या मी मॅडमना सांगणार आहे की नट बसवणारा माझा बाप आहे. मग हे काम माझ्याकडे राहणार नाही आणि राहूही नये. रिपोर्ट त्या सही करतील. मला जे दिसलं ते सगळं मी त्यांना देणार, दोऱ्यासकट.

दुसरा नट काढा. मग माझ्याशी बोलू नका हवं तर.

किशोरी

---

मालवण,
३० जुलय

चि. किशोरी,

चुंबक मिळालो. कंडक्टर घरापर्यंत इलो, आईन तेका सोलकढी दिल्यान.

तुझा पत्र वाचून मी मागल्या दारी जावन बसलंय. तेलाचो वास तुका वळखाक येतलो ह्या माझ्या ध्यानातच नाय इला. तुका करवंटी धरूक लावलंय तेव्हा तू एवढ्याशी होतंस, नाक मुरडी होतंस.

तू विचारलंस ता सांगतंय. घड्याळाच्या नळीचो लोखंडी नट खाऱ्या वाऱ्यान खाल्लो होतो. मी भाईशेठांका सांगलंय, नवो आणा. म्हणाले, सीझन संपलो की बघूया. परत सांगलंय. म्हणाले, "तारी, तू दर्यावर्दी माणूस, तुका एक नट जमणा नाय?" तेव्हा माका चेव इलो. घराकडसून 'गौरजा'चे दोनय नट हाडलंय. दर्याच्या पाण्यात जन्म काढल्यानी पण तेंका काय झाला नाय, म्हणान माका वाटला ह्याच्यापेक्षा बरो नट जगात नाय. पान्याक पाइप लावन आवळलंय, होडयेर आवळतत तसो. तू ताण म्हणतंस तो माझ्या हातचो ताण.

शिमग्याच्या आधी देखभाल कंपनीचो इंजिनेर इलो. घड्याळाखाली उभो रवान म्हणालो, "तारी, मस्त चकाकता हा." मी तेका चाय पाजलंय.

जूनात तुझा पत्र इला तेव्हा माका कळला. तुका खोटा लिवलंय. तू म्हणतंस, कशात मोजू. मोजू नको. चेडू आपल्यासारखा होवचा नाय म्हणान मी तुका शिकवलंय, आणि शिकलेल्या चेडवाच्या समोर अडाणी दिसूचा नाय म्हणान गप रवलंय. दुसरो नट टाकीच्या वाटेर होतो. गॅस नाय तोपर्यंत काय होवचा नाय, असा मनाक सांगी होतंय. रोज सकाळी वाटायचा आज काढतंय. काढलंय की सगळे विचारतले, कित्याक.

आज सकाळी गॅसाची गाडी इली. मी पानो घेतलंय आणि गाडीर माणसा चढायच्या आधी तो नट काढून खिशात घातलंय. नळीचा तोंड उघडा. भाईशेठ धावत इले.

"तारी, काय करतंस?"

"माझा होता ता काढतंय."

"नळी उघडी ठेवन गॅस कसो भरतलो?"

"म्हणानच काढलंय."

"चेडवान शिकवल्यान तुका?"

"होय. उशिरा शिकवल्यान."

गाडीवालो म्हणालो, "शेठ, उघड्या लाइनीत मी एक बाटलो पण जोडूचो नाय." गाडी परत गेली. भाईशेठांनी सगळ्यांसमोर सांगल्यानी, उद्यापासून येव नको. मी म्हटलंय, आज तरी आसय ना? मगे आजचा काम करतंय.

तुझो चुंबक काढलंय. घड्याळापासून सुरू केलंय, एकेक जोड. चंदेरी रंगार टक टक चिकटत जाय. माणसा जमली, कोणतरी म्हणालो, "गणपतान लाइनीची आरती काढल्यान." मी टाकीच्या पाठल्या अंगाक गेलंय. थंय आमका हात लावूक बंदी आसा, कंपनीची माणसाच उघडतत, तशी पाटी पण आसा. थंय चुंबक लावलंय आणि तो पायार पडलो. परत लावलंय, परत पडलो. नखान रंग खरवडलंय. पिवळा. बाजूचो जोड, तो पण पिवळो.

किशोरी, माझे नट दोन. एक तुझ्याकडे, एक माझ्या खिशात. ह्ये दोन माझे न्हय. पांढरी टेप गुंडाळलेली आसा, दोरो नाय.

भाईशेठांचा तोंड बघूक व्हया होता. तेनी इंजिनेराक फोन लावल्यानी. पयलो उचलल्यान, 'टाकी' हो शब्द ऐकल्यान आणि ठेवल्यान. मगे उचलणाच नाय.

त्या दोन नटांका मी हात लावलंय नाय. खरवडललो रंग तसोच ठेवलंय. सर्वेअर साहेबांका फोन करून सांगलंय, येवा आणि तुमच्या डोळ्यांनी बघा. ते येयपर्यंत मी थंयच स्टूल घेवन बसलंय. उद्यापासून येव नको म्हणालेत, पण आज अजून संपाक नाय. ह्या पत्र पण स्टुलार बसानच लिवतंय.

दुपारी विराजाक स्टुलार बसवन मी सुदेशाकडे गेलंय. तेका सगळा सांगलंय, पयल्यापासून. तेची बायल भक्ती भिंतीक टेकान उभी होती. ती म्हणाली, "काका, रोज येवन बसत होतास ता ह्याच्यासाठी? माका वाटला तुमका माया आसा." तिना चाय पण विचारल्यान नाय, बरा केल्यान. मी उठलंय तेव्हा सुदेश म्हणालो, "काका, तुमचो नट फुटलो. तेंचो फुटूचो रवलो." उजवो डोळो तेचो येवचो नाय असा डॉक्टर म्हणता.

माका इतक्या वर्षांत एवढो राग कधी येवक नाय. दर्यार नाय, होडी विकलंय तेव्हा नाय. अडाणी तारीन पितळ लावल्यान, म्हणतले. लावल्यान. पण ज्यांका सगळा कळता, ज्यांची पाटी लावलेली आसा, तेनी पण लावल्यानी आणि वर रंग फासल्यानी.

माझो नट कंडक्टराकडे दितंय. वाकडो झालेलो नाय, माका तरी भेग दिसणा नाय, पण तू बघ. म्हणजे तुझ्या मॅडमांका बघूक दी. दोरो तसोच ठेवलंय.

आणि मॅडमांका माझो एक निरोप सांग. रिपोर्टात नाव घालूची पद्धत नसात तरी घाला. आधी माझा नाव, गणपत तारी, पुरा लिवा. मगे टाकीकडले नट बसयल्यानी त्या कंपनीचा. माझा नाव वर असला तर 'चेडवान बापाक लपयल्यान' असा सांगान खालचा नाव कोणाक पुसूक येवचा नाय.

कोल्हापूरची गाडी येताहा. ठेवतंय.

बाबा